सोळाव्या वर्षी मुंबईत उतरला, बोंबील-पापलेटापासून नागापर्यंत सगळं टिपून गेला : चित्रकार जेम्स फोर्ब्सची गोष्ट

पालघर : सातपाटी, अर्नाळा, डहाणू... आपल्या किनाऱ्यावर कुठंही जा, पावसाळा सरला की आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण अडीचशे वर्षांपूर्वी एका इंग्रज पोराला वाटलं. बोंबील कसा दिसतो, तो उन्हात कसा वाळवतात आणि मुंबईतले लोक सकाळी खिचडीबरोबर तो कसा खातात, हे त्यानं लिहून ठेवलं. पापलेट चवीला कसं, हलव्याला खवय्ये किती मान देतात, सुरमई आणि बोय खायला कशी, हेही लिहिलं. त्याचं नाव जेम्स फोर्ब्स. पेशानं ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून, मनानं चित्रकार.

आपल्याकडं त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. इतिहासाच्या पुस्तकात आला तर राघोबादादांच्या मोहिमेत एखाद्या ओळीत येतो. पण पश्चिम किनाऱ्यावरची झाडं, पक्षी, साप, मासे यांची चित्रं आणि टिपणं इतक्या जुन्या काळात इतक्या चिकाटीनं करणारा माणूस दुसरा सापडणं अवघड.

फोर्ब्सचा जन्म १७४९ चा, लंडनचा. १७६५ मध्ये, वयाची सोळा वर्षं पुरी व्हायच्या आत, कंपनीनं त्याला मुंबईसाठी 'रायटर' म्हणून नेमलं. रायटर म्हणजे लेखक नव्हे, साधा कारकून. वखारीच्या वह्या लिहायच्या, पत्रांच्या नकला करायच्या. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून यावं लागे. प्रवासाला कित्येक महिने लागत. पोरगं १७६६ मध्ये मुंबईला पोचलं.

त्या वेळची मुंबई म्हणजे आजची मुंबई डोळ्यासमोर आणू नका. कंपनीच्या ताब्यात एक बेट, त्यावर किल्ला, बाकी नारळी, ताड, भातखाचरं आणि कोळीवाडे. खाडीपलीकडची साष्टी, वसई, त्याच्या वर अर्नाळा, तारापूर, सगळं मराठ्यांचं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये हा सगळा पट्टा पोर्तुगीजांकडून घेतला होता. तारापूरच्या किल्ल्यापुढं बाजी भिवराव पडले ते त्याच साली. फोर्ब्स आला तेव्हा त्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली होती, म्हणजे ती लढाई पाहिलेली माणसं गावोगावी जिवंत होती.

अशा ठिकाणी सोळा वर्षांच्या पोराला आईबाप नाहीत, नातेवाईक नाहीत. कंपनीची बरीचशी तरणी पोरं अशा वेळी दारू, पत्ते आणि खाजगी व्यापार यात पडत. कितीतरी पोरं दोन पावसाळेही काढत नसत, तापानंच जात. फोर्ब्सनं कागद आणि रंग धरले. दिसेल ते काढायचं आणि शेजारी लिहायचं, हा नाद त्याला प्रवासातच लागला होता. मुंबईत तो वाढला.

आता मोबाईल काढला, फोटो मारला, झालं. तेव्हा कॅमेरा नावाची वस्तू जगात नव्हती, ती यायला अजून सत्तर-पंचाहत्तर वर्षं होती. पक्षी दाखवायचा तर हातानं काढावा लागे. मेलेला पक्षी समोर ठेवून काढणं सोपं, तो हलत नाही, उडत नाही. फोर्ब्सचा ओढा जिवंत जनावराकडं. ते कसं बसतं, काय खातं, कशाला भितं, हे कळल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, असं त्याच्या कामावरून दिसतं.

त्यातूनच नागाची गोष्ट घडली. एका गारुड्याकडचा नाग त्याला चित्रासाठी हवा होता. गारुडी पुंगी वाजवतोय, नाग फणा काढून डोलतोय आणि फोर्ब्स जवळ बसून तासभर त्याचं चित्र काढतोय. फण्याची मागची खूण नीट दिसावी म्हणून त्यानं नागाला पुन्हा पुन्हा हातही लावला. गारुड्याच्या नागाचे दात पाडलेले असतात, असा त्याचा समज. चित्र झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा नोकर बाजारातून बातमी घेऊन आला. तोच गारुडी बाजारात खेळ करत होता, पुंगी मध्येच थांबली आणि नागानं समोर उभ्या असलेल्या एका तरुण बाईच्या गळ्यावर झडप घातली. अर्ध्या तासात ती गेली. फोर्ब्सनं ज्याला हातात धरून पाहिलं होतं, तोच नाग.

त्या बाईचं नाव कुठं नोंदलेलं नाही. चित्र मात्र उरलं. (पावसाळ्यात आपल्या तालुक्यांत सापाच्या बातम्या येतच असतात. दात पाडलेला आहे म्हणून सांगणाऱ्याचं ऐकू नये, ही गोष्ट तेव्हाही खरी होती.)

सरड्याचा प्रकार त्या मानानं हलका. झाडावर हळूहळू, झोके घेत चालणारा, डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा शॅमेलियन सरडा त्यानं घरात ठेवला होता. त्याचा रंग कधी, कशानं बदलतो हे तो रोज बघत बसे. त्याला एक गोष्ट दिसली, की या सरड्याला काळ्या रंगाचं वावडं आहे. काळ्या फळीजवळ नेलं की तो आकसून जाई, अंगाची कातडी हाडाला चिकटल्यागत होई आणि हिरव्याचा काळाकुट्ट होई. फळीपासून दूर नेलं की पुन्हा पहिल्यासारखा. आज याची कारणं शास्त्रज्ञ वेगळ्या भाषेत सांगतील. पण एका कारकुनानं कुणी न सांगता घरात बसून प्रयोग केला, फळी जवळ नेली, लांब नेली, पुन्हा पाहिलं, हे महत्त्वाचं.

सुगरण आणि शिंपी हे दोन पक्षी त्याच्या खास आवडीचे. सुगरणीचं घरटं त्याला बाटलीसारखं वाटलं आणि त्या पक्ष्याला त्यानं बाटलीवाली चिमणी म्हणावं तसं नाव दिलं. आपल्याकडं ताडाच्या झावळ्यांना, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला अशी घरटी लटकलेली कुणी पाहिली नसतील? गवताचा एकेक धागा ओवून विणलेलं घर, खालून जाण्यायेण्याची नळी, वाऱ्यात झुलतं पण पडत नाही. शिंपी तर पानंच शिवतो. विलायतेत हे सांगितलं असतं तर लोकांनी थाप म्हटली असती. म्हणून त्यानं चित्र काढलं.

माशांची गोष्ट जरा वेगळी आहे. बोंबील, पापलेट, हलवा, सुरमई, बोय यांच्याबद्दल त्यानं जे लिहिलं ते जेवणाऱ्याच्या नजरेनं. पापलेट त्याला विलायतेतल्या टर्बट नावाच्या चपट्या माशाचा धाकटा भाऊ वाटला, चव मात्र त्याहून नाजूक. बोंबील त्याला वाळूत राहणाऱ्या लांबोडक्या माशासारखा दिसला. पक्षी त्यानं झाडावर पाहिला तसा मासा डोलीत, होडीत, जाळ्यात पाहून लिहिला असता तर आज आपल्या मच्छीमार बांधवांना केवढा ठेवा मिळाला असता. तरी दोन गोष्टी त्यातून कळतात. सुका बोंबील तेव्हाही नुसतं गरिबाचं खाणं नव्हतं, किल्ल्यातल्या साहेबांच्या न्याहारीलाही होता. आणि पापलेटाचा मान आजचा नाही. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा ठरला. त्यामागं मागणी होती ती आपल्या सातपाटीच्या मच्छीमारांची, मासा कमी होत चालला म्हणून. फोर्ब्सच्या काळात तो कमी होईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

मुंबईनंतर कंपनीनं त्याला १७७२ मध्ये पार खाली, केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगोला धाडलं. तिथंही हेच, कचेरी आणि चित्रं. तिथून परत आला तो थेट लढाईतच.

इथं आपल्या भागाचा संबंध येतो. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला. राघोबादादा गादीसाठी कंपनीच्या दारात गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. कंपनीनं फौज द्यायची आणि त्या बदल्यात राघोबांनी साष्टी आणि वसई द्यायची, असा सौदा. म्हणजे ज्या मुलखासाठी हजारो माणसं १७३९ मध्ये पडली, तो कागदावर एका सहीनं जायचा होता. कर्नल कीटिंग फौज घेऊन मुंबईहून गलबतानं सुरतेला गेला. त्याचा खाजगी चिटणीस होता जेम्स फोर्ब्स, वय पंचवीस.

मुंबई-सुरत समुद्राची वाट म्हणजे आपल्याच किनाऱ्यासमोरची. वसईचा कोट, अर्नाळ्याचं बेट, माहीम-केळवे, तारापूर, चिंचणी, डहाणू, मग उंबरगाव आणि दमण. किल्ल्यांवर भगवा आणि समोरून वसई मागायला निघालेली कंपनीची फौज. पुढं भरूचला नोकरी लागल्यावरही त्याचं जाणंयेणं याच वाटेनं.

ती मोहीम कंपनीला फार सुखाची गेली नाही. मे महिन्यात आणंदजवळ आडास इथं लढाई झाली, त्यात कीटिंगचे बरेच अधिकारी आणि शिपाई पडले. मग पावसाळा आला. गुजरातच्या मैदानात छावणी पडलेली असताना पहिलं वादळ आलं, तंबू उडाले, सगळीकडं पाणी, माणसं आणि जनावरं चिखलात. फोर्ब्सनं त्या रात्रीचं वर्णन लिहिलंय आणि त्यात विजयाचा ताठा कुठं नाही. तो आजारी पडला आणि १७७६ मध्ये विलायतेला परत गेला.

बरा झाल्यावर तो पुन्हा आला. या वेळी भरूचला. इथं त्याला कबीरवड भेटला. नर्मदेतल्या बेटावरचा हा वड आपल्याकडचेही बरेच लोक पाहून आले असतील. फोर्ब्सच्या काळात पुरानं त्याचा बराच भाग वाहून गेला होता, तरी उरलेल्या खोडांभोवतीचा घेर दोन हजार फुटांच्या आसपास भरत होता. मोठी खोडं ३५०, बारीक पारंब्यांची खोडं ३००० च्या वर. सात हजार माणसं सावलीत बसतील, असं लोक सांगत. फोर्ब्सनं त्याचं चित्र काढलं आणि पुढं विलायतेत ते चित्र गाजलं.

पण वडापेक्षा त्याला वडावर राहणारे प्यारे. मोर, हिरवी कबुतरं, भलीमोठी वटवाघळं आणि माकडं. माकडीण पिल्लाला फांदीवरून फांदीवर उडी मारायला कशी शिकवते, हे तो बघत बसे. एक माकड झोपलेल्या सापाची मान पकडतं, खाली उतरतं, दगडावर त्याचं डोकं घासतं, मध्येच थांबून किती घासलं ते निरखतं, पुन्हा घासतं, हेही त्यानं लिहिलंय.

माकडाचीच दुसरी गोष्ट त्याची सगळ्यात प्रसिद्ध आहे. पुढं प्राण्यांच्या बुद्धीवर लिहिणाऱ्या युरोपातल्या पंडितांनी ती आपापल्या पुस्तकांत घेतली. शिकारीला गेलेल्या टोळीतल्या एकानं वडाखाली एक माकडीण मारली आणि तंबूत नेली. थोड्या वेळात चाळीस-पन्नास माकडं तंबूभोवती जमली, दात विचकत, अंगावर येत. बंदूक दाखवली तशी ती मागं हटली. एक मात्र हटेना. ते तंबूच्या दारापर्यंत आलं. आधी आरडाओरडा केला, मग रडल्यासारखा आवाज काढत हात पुढं करायला लागलं. शेवटी लोकांनी मेलेली माकडीण त्याच्या हाती दिली. त्यानं ती कवेत घेतली आणि आपल्या टोळीकडं घेऊन गेलं. तिथं हजर असलेल्या शिकाऱ्यांनी माकडावर परत गोळी झाडायची नाही असं ठरवलं.

आपल्या माणसांना यात नवीन काही वाटणार नाही. पण शिकार हाच ज्यांचा विरंगुळा, त्या साहेब मंडळींना हे लिहून सांगणं वेगळं. सुरतेचा पांजरपोळही त्यानं असाच बारकाईनं पाहिला. म्हातारे बैल, लंगडे घोडे, पक्षी आणि पंचाहत्तर वर्षं तिथंच असलेलं एक कासव. उवा-ढेकणांचीसुद्धा तिथं सोय आहे, एका रात्रीसाठी भिकाऱ्याला पैसे देऊन त्यांच्यात झोपवतात, असंही त्यानं नोंदलंय. ते वाचताना त्याला हसू आलं असेल की आदर वाटला असेल, सांगता येत नाही. दोन्ही असावं.

१७८० मध्ये तो डभोईचा कलेक्टर झाला. आता त्याच्या हाती सत्ता होती, महसूल गोळा करायचा होता. इथंच त्याच्या आयुष्यातली खोच आहे. चिमणीच्या घरट्यापुढं तासन्‌तास बसणारा माणूस, आणि पगार देणारी कंपनी लढाया करून मुलूख घेणारी. त्याच वर्षी डिसेंबरात जनरल गॉडर्डनं तोफा लावून वसई घेतली. मग सालबाईचा तह झाला. साष्टी कंपनीकडं राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली. त्याच हिशेबात डभोईही गेली आणि १७८३ मध्ये फोर्ब्सची कलेक्टरी संपली. वसईकरांना जो तह लाभला त्यानंच त्याचं आवडतं गाव त्याच्या हातून गेलं.

जाताना डभोईच्या लोकांनी त्याला पडक्या देवळांतल्या काही मूर्ती दिल्या, असं सांगितलं जातं. त्यानं त्या विलायतेला नेल्या आणि लंडनजवळ स्टॅनमोर इथं आपल्या बागेत देवळासारखी आठ कोनांची इमारत बांधून त्यात ठेवल्या. लोकांनी प्रेमानं दिल्या असतीलही. पण कलेक्टरनं मागितलेली वस्तू नाही म्हणायची सोय किती जणांना असते, हा प्रश्न उरतोच.

१७८४ मध्ये तो कायमचा परतला, तेव्हा वय पस्तीस. लग्न झालं, एक मुलगी झाली. बाकीचे पैसेवाले साहेब जमीनजुमला आणि पार्लमेंटच्या मागं लागले. हा बसला जुन्या चिठ्ठ्या आणि चित्रं नीट लावत. सगळ्याची बेरीज दीडशे मोठे खंड, ५२ हजार पानं एवढी झाली म्हणतात. एका माणसाच्या हातून!

१८०३ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झाला. त्याच सुमारास इंग्लंड-फ्रान्सची लढाई थांबली म्हणून घरच्यांना घेऊन फ्रान्स बघायला गेला आणि अडकला. लढाई पुन्हा पेटली, नेपोलियननं देशात असलेले सगळे इंग्रज धरून ठेवले. फोर्ब्सला व्हर्दून गावात ठेवलं. सुटका झाली ती १८०४ मध्ये, आणि ती तलवारीनं नाही, ओळखीनंही नाही म्हणा. इंग्लंडचे मोठे निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांनी फ्रान्सच्या विद्वानांच्या संस्थेकडं त्याच्यासाठी शब्द टाकला. दोन देश लढत होते, पण झाडापाल्याचे अभ्यासक एकमेकांना पत्रं लिहीत होते. पक्षी-फुलांच्या नादानं त्याला तुरुंगातून सोडवलं म्हटलं तरी चालेल.

मुलीचं लग्न एका फ्रेंच सरदाराशी झालं. १८१० मध्ये नातू झाला, चार्ल्स. हा नातू आजोबांकडंच स्टॅनमोरला वाढला, त्या चित्रांच्या वह्यांमध्ये. पुढं तो फ्रान्सचा नामांकित लेखक आणि पुढारी झाला, काउंट मोंतालांबेर म्हणून.

१८१३ ते १८१५ या काळात फोर्ब्सचं 'ओरिएंटल मेमॉयर्स' चार जाड खंडांत छापून निघालं. सतरा वर्षांच्या हिंदुस्थानातल्या मुक्कामाची हकीकत, सोबत चित्रं, काही हातानं रंगवलेली. मुंबईला उतरलेलं सोळा वर्षांचं पोर आता चौसष्ट वर्षांचं झालं होतं. चित्र काढलं त्या दिवसापासून ते छापून लोकांसमोर येईपर्यंत चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली होती.

१८१९ मध्ये नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन तो जर्मनीकडं निघाला होता. वाटेत आखेन गावी १ ऑगस्टला त्याचा मृत्यू झाला. १८३४ मध्ये मुलीनं पुस्तकाची दोन खंडांतली आवृत्ती काढली. त्यानं स्वतः हातानं लिहून, चित्रं चिकटवून तयार केलेले तेरा खंड आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत.

छापील पुस्तक मात्र इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. इंग्रजी जुनं आहे, पण घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगितलं तर काढून देईल. बोंबील आणि पापलेट पहिल्या खंडात आहेत, पान ५२ आणि ५३.